ज्यू डेलिकॅटेसन

ज्यू डेलिकॅटेसन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः न्यूयॉर्क शहरात, ज्यू स्थलांतरितांनी विकसित केलेले मांसपदार्थांचे दुकान व उपाहारगृह. ‘डेली’ हे त्याचे रूढ संक्षिप्त नाव. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ‘रुचकर खाद्यपदार्थ’ असा आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी अशी दुकाने न्यूयॉर्कमध्ये रुजविली. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व यूरोपातून सु. वीस लाख ज्यू अमेरिकेत आले. त्यांपैकी अनेकांनी लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत आश्रय घेतला व तेथे डेलीला ज्यू स्वरूप प्राप्त झाले.

ज्यूंच्या कोशर आहारनियमांनुसार डुकराचे मांस निषिद्ध असून मांस व दुग्धजन्य पदार्थ एकत्र खाता येत नाहीत. त्यामुळे कोशर डेलीत लोणी किंवा चीज मिळत नसे. पस्ट्रामी हा तेथील प्रमुख पदार्थ. तिचे नाव रूमानियातून आले. गोमांस मिठाच्या पाण्यात मुरवून, त्याला धने व मिरे चोळून, धुरी देऊन आणि अखेरीस वाफवून ती तयार करतात. तिचे काप राय धान्याच्या पावात घालून मोहरी व काकडीच्या लोणच्यासह वाढतात. पूर्व यूरोपातील गरीब ज्यूंना मांस क्वचितच परवडे; म्हणून मांसाने भरलेले सँडविच हे जुन्या परंपरेपेक्षा नव्या देशातील सुस्थितीचे प्रतीक ठरले. सिनेगॉगमध्ये न जाणाऱ्यांनाही डेलीत आपला समाज व यिद्दिश भाषा भेटत असे.

१९३०–४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सु. दीड हजार कोशर डेली होत्या. आज त्यांतील अगदी थोड्या उरल्या आहेत. १९२४ च्या कायद्याने स्थलांतरावर कडक निर्बंध आले आणि नाझींनी केलेल्या वंशसंहारात पूर्व यूरोपातील मूळ समाजच नष्टप्राय झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सुस्थितीत आलेली ज्यू कुटुंबे उपनगरांत गेली. तेथे वेष्टनबंद मांस सुपरमार्केटमध्ये मिळू लागले. स्निग्ध व खारवलेल्या मांसाविषयीची आरोग्यविषयक साशंकता, मांसाचे व जागेचे वाढते दर आणि मालकांच्या मुलांनी स्वीकारलेले इतर व्यवसाय यांचीही त्यात भर पडली. म्हणजेच ज्या उन्नतीची डेली ही खूण होती, तीच उन्नती तिच्या ऱ्हासाचे एक कारण ठरली.

१९३७ मध्ये सुरू झालेली कार्नेगी डेली २०१६ च्या अखेरीस बंद झाली. १८८८ पासूनची कॅट्झ डेली अद्याप चालू आहे. मात्र ती कोशर नाही. पस्ट्रामी आता सर्वसामान्य अमेरिकन आहाराचा भाग बनली असली, तरी तिच्याभोवती उभे राहिलेले समूहजीवन बव्हंशी लोप पावले आहे.