उसनी आणलेली कट्यार

शस्त्रांचा इतिहास बखरींत वाचणे निराळे आणि शस्त्र मुठीत धरून पाहणे निराळे. जुन्या शस्त्रांचा आमच्यासारखाच नाद असलेल्या एका स्नेह्यांनी आपल्या संग्रहातील कट्यार आठ दिवसांकरिता आम्हांस उसनी दिली. परत करावयाची वस्तू मनुष्य अधिक निरखून पाहतो. आमचेही तसेच झाले.

सुरीची मूठ पात्याच्या रेषेत असते, कट्यारीची पात्याला आडवी. दोन समांतर पट्ट्या हाताच्या दोहो बाजूंनी मनगटाकडे जातात आणि त्यांना सांधणारे आडवे दांडे मुठीत येतात. त्यामुळे पाते बोटांच्या पेरांपुढे सरळ उभे राहते व वार ठोशासारखा होतो. एवढे पुस्तकांतूनही कळते. ही मूठ किती अरुंद असते हे मात्र धरल्यावाचून उमगत नाही. आमची चार बोटे तीत कशीबशी मावली; पण एकदा मावल्यावर मनगट वळेना की शस्त्र निसटेना.

स्नेह्यांच्या अनुमतीने ती आम्ही कोहळ्यावर चालवून पाहिली. (बळी म्हणून कोहळा कापण्याची चाल आपणांकडे आहेच, तेव्हा त्यात अमंगळ काही नाही.) खांद्याचा सारा जोर थेट टोकावर आला आणि पाते अर्ध्याहून अधिक आत गेले. बाहेर काढताना मात्र सायास पडले. कापण्याच्या कामी ती अगदीच अडाणी; केळीचा खुंटही धड चिरेना. अनेक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. हे शस्त्र भोसकण्याकरिताच घडविले, याविषयी मग शंका उरत नाही.

'आइन-इ-अकबरी'त यास 'जमधर' म्हटले आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाने महाराजांच्या कुशीत चालविलेल्या शस्त्रास 'जमदाड' हे नाव येते, ते याच शब्दाचे रूप. अंगातील चिलखतामुळे तो वार वाया गेला. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाने कट्यारीचे नाव घरोघरी पोचविले खरे. वस्तू पाहिलेले लोक मात्र थोडेच.

परंतु आम्ही रमलो ते पात्यापाशी. त्यावर दोन लांब खोल चरे होते आणि ते मुठीकडील जिभल्यांना रिव्हेटांनी जडविलेले होते. म्हणजे मूठ इकडची, पाते परदेशी तलवारीचे! दक्षिणेतील लोहारांची ही रीतच होती. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून युरोपातील पाती दख्खनेत येत राहिली. तसल्या सरळ पात्याच्या तलवारीस मराठ्यांनी 'फिरंग' हेच नाव दिले. ज्यांच्याशी झुंजावयाचे त्यांच्याच मुलखाकडून आलेले पोलाद कमरेला बांधण्यात आपल्या पूर्वजांना काडीचाही संकोच वाटला नाही. मोडक्या पात्यांच्या कट्यारी होत. तंजावरच्या शस्त्रागारात अशा पुष्कळ होत्या. १८५५ साली ते मराठी राज्य खालसा झाल्यावर तो संग्रह विखुरला आणि त्यातील काही शस्त्रे मद्रासच्या वस्तुसंग्रहालयात गेली.

आमच्या हातातील कट्यारीच्या चऱ्यात रोमन लिपीतील अक्षरांच्या खुणा दिसत होत्या. भिंग लावूनही दोन-तीनच ओळखू आली. कारण काळ नव्हे, घासणी! वर्षानुवर्षे खंडेनवमीला विटेची भुकटी व राख लावून तिला लखलखीत केले गेले होते. असा प्रकार पुष्कळ घरांत व देवळांत भक्तिभावानेच चालतो. कोणी पाते सहाणेवर धार लावून आणतात, कोणी भट्टीत लाल तापवून सरळ करतात. जौहरदार पोलाद असे तापले की त्यातील लहरी कायमच्या जातात. पूजा शस्त्राची करावयाची आणि शस्त्राची ओळखच पुसून टाकावयाची, हे आम्हांस पटत नाही. चऱ्यातील अक्षरांवरूनच पाते कोठले, कोणत्या कारखान्याचे, हे ठरविता येते. ती गेली की उरते नुसते लोखंड.

आपल्या देवळात वा देवघरात असे शस्त्र असेल तर प्रथम त्याचे छायाचित्र घ्यावे, चऱ्यांतील खुणा कागदावर उतरवून ठेवाव्या. नवमीला कोरड्या मऊ वस्त्राने पुसून तेलाचा पातळ हात फिरविला की पुरे. हळदकुंकू ओले असते, त्याने गंज धरतो. ते म्यानावर वाहावे, आणि पात्यावर कोरडे फूल.