कुंभाराच्या दारात आपण कोण?

आजचा एपिसोड एका आजीच्या प्रश्नापासून सुरू करतो. तिने विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी वरठीचा. रेल्वेच्या ॲपमध्ये वरठी सापडणार नाही, भंडारा रोड टाका. बीटेक करून आता पुण्यात कोड लिहितो. मागच्या दिवाळीत टीममधले चार जण माझ्यासोबत गावी आले. "काहीतरी ऑथेंटिक दाखव ना," म्हणाले, म्हणून त्यांना जवळच्या गावातल्या एका कुंभारकाकांकडे नेलं. काकांनी चाक फिरवून दाखवलं. तलावाच्या गाळमातीत राख आणि लीद का मिसळतात तेही सांगितलं, मडकं वाळताना आणि भाजताना तडकू नये म्हणून. आमच्यातल्या एकाला चाकावर बसवलं, त्याचं मडकं बशीसारखं पसरलं. दोन तास नुसत्या रील्स. निघताना आम्ही सहा पणत्या घेतल्या. सहा! ओट्यावरून आजी म्हणाली, "काहून जी, बाकी काही नेत नाही का?"

तर हल्ली 'स्टुडिओ व्हिजिट', 'पॉटरी टूर' असं बरंच काही चालतं. पण खरं सांगू का, कुंभाराचं घर बंद कधी नव्हतंच. चाक अंगणात, आवा घराशेजारी, येणारा-जाणारा बघतच असायचा. बारा बलुतेदारांत कुंभार एक. वर्षभर गावाला मडकी पुरवायची आणि सुगीला शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, असा हिशेब. अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या अखजीला, नवा माठ. लग्न असलं की बायका वाजतगाजत कुंभाराकडे मडकी आणायला जायच्या. आणि घरात मयत झाली तरी मडकं त्याच्याकडूनच. म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या दिवशी माणूस कुंभाराच्या दारात उभा असायचाच. बघायला नाही, न्यायला.

पण जुनं ते सगळं गोड, असं मी म्हणणार नाही. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतातच होता. १९११ मध्ये या प्रांतात कुंभार जवळपास १ लाख २० हजार होते, असं त्यात आहे. आणि माती वाहायला गाढव पाळतो म्हणून समाजात त्याला कमी लेखतात, हेही आहे. ज्याच्या मडक्याशिवाय लग्न लागत नाही, त्याचा मान गाढवावरून ठरायचा. दार त्याचं उघडं होतं, गावाचं त्याच्यासाठी किती उघडं होतं, हा वेगळा प्रश्न.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ॲल्युमिनियम आलं, स्टील आलं, प्लास्टिक आलं, फ्रिज आला.

महाराष्ट्रात पाहुणे घेऊन कुंभारांच्या गल्लीत फिरणं कुठे सगळ्यात जास्त चालत असेल, तर मुंबईत, धारावीच्या कुंभारवाड्यात. ही माणसं मूळची सौराष्ट्रातल्या गावांतली. आधी दक्षिण मुंबईत होती (तिथे 'कुंभारवाडा' हे नाव अजून आहे), शहर वाढत गेलं तशी बाहेर ढकलली गेली आणि १९३० च्या दशकात धारावीत आली. घर आणि कारखाना एकच, मधल्या जागेत भट्ट्या. २००० नंतर तिथे टूर सुरू झाल्या. त्यातल्या एका जुन्या टूर कंपनीचा नियमच आहे, फोटो काढायचे नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या रील्स आठवल्या आणि थोडी लाजच वाटली.

याहून वेगळी गोष्ट जपानच्या माशिको गावाची. १८५३ च्या सुमारास तिथे मातीकाम सुरू झालं. टोकियोच्या स्वयंपाकघरांना लागणारी साधी भांडी, रांजण, बरण्या. पुढे धातूची भांडी आली आणि गिऱ्हाईक घटलं, अगदी आपल्यासारखंच. १९२४ मध्ये हामादा शोजी हा कुंभार तिथे येऊन राहिला. गावातली माती, गावातलीच झिलई वापरली. १९५५ मध्ये जपान सरकारने त्याला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं. १९६६ पासून तिथे भांड्यांची जत्रा भरते, वसंतात आणि शरदात. लोक बघतात, पण पिशव्या भरून नेतात. ती भांडी घरी रोज वापरात येतात, शोकेसमध्ये जात नाहीत. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. एकट्या हामादाने गाव तारलं असं मात्र समजू नका. रोज मातीच्या वाडग्यात जेवणारे लोक तिथे होते, म्हणून त्याचं चाललं.

आपल्याकडे माठ अजून घरोघरी आहे. मग आजीच्या प्रश्नाचं काय?

मी काकांना फोन केला. पुन्हा दहा जण आणतो म्हटलं, माणशी पैसे आधीच देतो, आणि प्रत्येक जण एक माठ नेईल. काका हसले. "पैसे दे बापू, पण माठ गाडीत फुटन. दह्याचं मडकं ने."

मग म्हणाले, पावसाळ्यात येऊ नका, आवा लागत नाही. मुलगा स्टीलच्या कारखान्यात कंत्राटावर आहे, त्याची सुट्टी बघून या, म्हणजे माती तुडवायला कोणीतरी असेल.

फेब्रुवारीतला रविवार ठरलाय.