दंत आणि दंतमूल : एका जुन्या भेदाचा नवा अर्थ

दंतरोगांचा इतिहास बहुधा किडीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः मनुष्याचे दात जसे किडीने जातात, तसेच ते हिरड्यांच्या रोगानेही जातात. आणि हा भेद भारतीय वैद्यकाने फार पूर्वी ओळखला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात एकंदर ६५ मुखरोग गणले असून त्यांपैकी ८ दंतगत, तर १५ दंतमूलगत आहेत. दंतवेष्ट नामक विकारात हिरडीतून पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतो, असे तेथील वर्णन आहे. चिकित्सास्थानात तर दंतशर्करा, म्हणजे दातांवर साचून घट्ट झालेला थर, दंतमुळास इजा न करता काढावा, असा आदेश आढळतो. दाताइतकेच महत्त्व तो जेथे रुजलेला आहे त्या भूमीस देण्याची ही दृष्टी आहे.

कोल्हापूरच्या परिसरापुरते पाहिले, तर या भूमीवर एक मोठे संकट तंबाखूच्या रूपाने आले. असद बेगाने सन १६०४-०५ च्या सुमारास अकबराच्या दरबारी तंबाखू नेला तो आदिलशाही विजापुराहून. आणि आपला मुलूखही तेव्हा त्याच सत्तेखाली होता. पुढे निपाणीच्या आसपास तंबाखूची शेती व पेठ भरभराटीस आली. तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची मशेरी घरोघर पोहोचली. विशेषतः स्त्रियांत ती रूढ झाली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मशेरी व्यसन म्हणून नव्हे, तर दात घासण्याचे साधन म्हणून हाती येते. जी वस्तू हिरडीस व साऱ्या मुखास घातक, तीच स्वच्छतेच्या नावाने दररोज हिरडीवर चोळली गेली.

गेलेल्या दाताच्या जागी नवे मूळ रोवण्याची आधुनिक विद्या स्वीडनमध्ये उदयास आली. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सन १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसविलेले टिटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झालेले आढळले. सन १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशी मुळे रोविली. सन १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर ही पद्धती जगभर मान्य झाली. योगायोग असा, की सन १९६५ मध्येच डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत् झाल्या. सन १९९४ मध्ये हाच प्रयोग कृत्रिम मुळांभोवतीच्या हिरड्यांवर झाला व तेथेही जीवाणूंचा थर साचताच सूज आली.

या दोन प्रवाहांच्या संगमावर जुन्या भेदाचा अर्थ नव्याने उलगडतो. टिटॅनियमला कीड लागत नाही. म्हणजे किडीसारखा दंतगत रोग तेथे संपला. दंतमूलगत रोग मात्र उरले, किंबहुना अधिक बिकट झाले. नैसर्गिक दाताच्या मुळात तंतू आडवे शिरून हिरडीस व हाडास घट्ट धरतात. कृत्रिम मुळाभोवती ते बहुधा समांतर राहतात आणि रक्तपुरवठाही तुलनेने अल्प असतो. त्यामुळे तेथील तटबंदी दुबळी ठरते. सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने या रोगाच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. केवळ हिरडीची सूज ही पहिली, व ती परतविता येते. हाडाची झीज ही दुसरी. झिजलेले हाड पूर्ववत् मिळविणे दुष्कर होय. पहिल्या पायरीवर बहुधा वेदना नसते. हलक्या तपासणीत दिसणारे रक्त हीच तिची सूचना. म्हणून नियमित तपासणी, तसेच आरंभीच्या क्ष-किरण चित्राशी पुढील चित्रांची तुलना अगत्याची ठरते. थर काढतानाही टिटॅनियमवर ओरखडे न उठतील अशी साधने वापरावी लागतात; सुश्रुताच्या आदेशाचेच हे नवे रूप म्हणता येईल.

ज्याचे दात हिरडीच्या रोगाने गेले, त्याला नव्या मुळाभोवतीही रोगाचा धोका अधिक असतो. धातूचे मूळ विकत घेता येते. ज्या भूमीत ते रोवावयाचे ती मात्र त्याच मनुष्याची, त्याच सवयींची असते. मशेरीचा डबा दूर न करता रोविलेला दात हा इतिहासाचा धडा न घेता उभारलेल्या इमारतीसारखा आहे. आपल्या प्रदेशात दंतवैद्यकाची खरी कसोटी दात किती बसविले यापेक्षा त्यांच्याभोवतीची हिरडी किती वर्षे निरोगी राहिली, यावर लागेल.