हिवतापावरच्या झाडपाल्याची परीक्षा

हिवतापावरच्या वनौषधींची भारतातली पहिली मोठी परीक्षा झाली ती सिंकोनाच्या निमित्ताने. त्याच्या सालीतून निघणारे कोयनेल, म्हणजे क्विनीन, बाहेरून येई आणि महाग पडे. म्हणून १८६० नंतर निलगिरीत सिंकोनाच्या बागा लावल्या गेल्या. तिथे चांगल्या वाढलेल्या लाल सालीच्या जातीत मात्र कोयनेल कमी आणि त्याच्या जवळची इतर अल्कलॉइड्स जास्त निघाली. तीही तापावर चालतील का, हे ठरवण्यासाठी १८६६ मध्ये आयोग नेमण्यात आले. मद्रास आयोगाने क्विनीनसह चार अल्कलॉइड्स २,४७२ रुग्णांना देऊन पाहिली. गुण आला नाही तो फक्त २७ जणांना. अपयशाचे प्रमाण हजारी क्विनिडीनचे ६, क्विनीनचे ७, सिंकोनिडीनचे १० आणि सिंकोनीनचे २३ भरले. स्वस्त साल टाकाऊ नाही हे सिद्ध झाले आणि दार्जिलिंगजवळ मुंगपूला सालीतल्या मिश्र अल्कलॉइड्सचे स्वस्त औषध बनू लागले.

देशी झाडांनाही त्याच सुमारास सरकारी मान्यता मिळाली. १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त सातवीण आणि कडुनिंब यांच्या साली आहेत, आणि सागरगोटाही आहे, मुली अंगणात झेलतात तोच. त्याचे टणक कवच फोडून आतला कडू गर कुटायचा आणि त्यात तेवढीच मिरपूड मिसळायची, अशी कृती तिथे दिली आहे. मनिलाच्या ग्रुप्पे नावाच्या औषधविक्रेत्याने तर सातविणीच्या सालीतून काढलेले ‘डिटाइन’ कोयनेलच्या तोडीचे असल्याचा दावा केला होता.

या साऱ्या परीक्षांत मेख एकच होती. ताप उतरला की औषध लागू पडले, असे धरले जाई. पण पाळीचा ताप घाम येऊन आपोआपच उतरतो, आणि लहानपणापासून हिवताप सोसलेल्या माणसाची तापाची पाळी कित्येकदा औषधावाचूनही चुकते. १८८० मध्ये फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसले आणि परीक्षेचे माप बदलले. आता काचेवरचा रक्ताचा थेंब निकाल देऊ लागला. कोयनेल या मापालाही उतरले. देशी झाडांपैकी बहुतेक उतरली नाहीत. १९४२ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये सातविणीच्या तपासणीचा अहवाल आला, परजीवींवर ठोस परिणाम आढळला नव्हता.

नव्या मापावर ठळकपणे उतरलेली वनस्पती चीनमधली. व्हिएतनाम युद्धात सैनिकांना हिवतापाने बेजार केल्यावर २३ मे १९६७ रोजी चीनने ‘५२३’ ही गुप्त मोहीम काढली. त्यातल्या संशोधक तू यूयू यांच्या गटाने सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले. चिंगहाओ या दवण्याच्या कुळातल्या झुडपाने आधी आशा दाखवली, मग निराशा केली. चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथात मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितला आहे, उकळायला नाही. आपला काढा उष्णतेने निकामी होत असावा, हे त्यावरून तू यांच्या ध्यानात आले. कमी तापमानाला ईथरमध्ये काढलेला अर्क, नमुना क्रमांक १९१, ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांतले परजीवी पूर्ण नाहीसे करणारा ठरला. पुढच्या वर्षी तू आणि दोन सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेतला, मग हायनान बेटावरच्या रुग्णांना दिला. आर्टेमिसिनिन हाती आले ते असे. तू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याबद्दलच.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये मात्र परीक्षेची दिशा उलटी होती. आधी झाड निवडून प्रयोगशाळेत नेण्याऐवजी संशोधकांनी गावोगाव विचारले, की घरी ताप आला तेव्हा काय दिले आणि पुढे काय झाले. ९५२ आजारपणांत ६६ वनस्पती वापरलेल्या निघाल्या आणि सर्वांत चांगला गुण पिवळ्या धोत्र्याच्या काढ्याने आलेला दिसला. आपल्याकडे माळावर आणि रस्त्याकडेला काट्यांनिशी माजणारे, मूळचे मेक्सिकोचे हे तण. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३०१ रुग्णांपैकी काहींना हा काढा, तर काहींना आर्टेसुनेट-अमोडियाक्विन या प्रचलित जोडऔषधाच्या गोळ्या दिल्या गेल्या. दुसरे औषध न लागता बरे झालेले काढ्याच्या गटात ८९ टक्के, तर गोळ्यांच्या गटात ९५ टक्के होते. रक्तातले परजीवी काढ्याने पूर्ण जात नव्हते, हे त्याआधीच्या अभ्यासातच दिसले होते. तरीही माप ठेवले ते लक्षणांचे, कारण दवाखाना दूर असलेल्या गावात पहिला उपाय म्हणून काय द्यावे, एवढाच प्रश्न होता. काढा पाल्याचा होता, बियांचा नव्हे. त्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात भेसळले गेल्याने १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ येऊन माणसे दगावली होती.