वाकड्या तासांची शेती

पाऊस तोंडावर आलाय, बांधबंदिस्तीची घाई चाललीय. म्हणून आज मातीच्या धुपीची एक जुनी गोष्ट सांगते. ती आहे अमेरिकेतली, विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हर्नन काउंटीकडची. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. तिथं कून व्हॅली नावाचं डोंगराळ खोरं आहे.

नॉर्वेहून आलेल्या लोकांनी तिथं आधी गहू पिकवला, मग दुधाच्या गाई पाळल्या. नांगराचे तास सरळ, चढ-उतार न बघता. सरळ तास म्हणजे कसबी शेतकरी, असं आपल्याकडेही म्हणतातच की! गाई डोंगरउतारावरच्या झाडीत चरायच्या. झाडोरा गेला, पावसाचं पाणी माती घेऊन धावलं, शेतांत मोठमोठ्या घळी पडल्या.

1933 साली, ऐन मंदीत, सरकारच्या मृदासंधारण खात्यानं अख्ख्या पाणलोटाचा पहिला प्रयोग या खोऱ्यात मांडला. खात्याचे प्रमुख होते ह्यू बेनेट. करार पाच वर्षांचा. सरकारनं बियाणं, चुना, खत, कुंपणाची तार, रोपं द्यायची. शेतकऱ्यानं उताराला आडवं नांगरायचं, मका आणि गवत यांचे आलटून पालटून पट्टे घ्यायचे, चढावर गाई सोडायच्या नाहीत. म्हणजे नुसतं अनुदान नव्हे, देवाणघेवाण होती. मेहनतीला बेकार तरुणांची सरकारी छावणी होती. त्या पोरांना महिन्याला 30 डॉलर मिळत, त्यातले 25 थेट घरी जात. कितीतरी आयांची चूल त्यावर पेटली असेल.

वाकडे तास काढायचे म्हणजे बापजाद्यांची रीत मोडायची. तरी आठशेच्या आसपास शेतकऱ्यांपैकी 418 जणांनी सही केली.

पण सही कोण करू शकतं, हाही प्रश्न असतोच. त्याच वर्षी दक्षिणेत, भाव चढावेत म्हणून, उभा कापूस नांगरून टाकायला सरकारनं पैसे दिले. चेक गेले जमीनमालकांकडे. बटाईनं कसणाऱ्यांना त्यातलं थोडंच मिळालं, आणि पेरा कमी झाल्यावर कित्येकांना मालकांनी हाकलून दिलं. 1934 मध्ये आर्कान्सात काळ्या-गोऱ्या कुळांनी मिळून संघटना काढली ती यातूनच. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला यातली गोम वेगळी सांगायला नको.

कून व्हॅलीत पुढं फरक पडला. पिढ्यान्‌पिढ्या मोजमाप घेणाऱ्या अभ्यासकांना ओढ्यातला गाळ खूप कमी झालेला दिसला. मका आणि गवताचे वळणदार पट्टे तिथं आजही आहेत. मात्र ऑगस्ट 2018 मध्ये असा पाऊस कोसळला, की पन्नास वर्षांहून जुनी पूर अडवणारी काही छोटी धरणं एका रात्रीत फुटली, आणि खालच्या गावांत पाणी शिरलं.