इर्जिक, देवणी बैल आणि सहकारी क्रीडा : निलंगा परिसराच्या आधारे एक विचार

दिनांक १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो कंपनीच्या ‘स्विच’ या यंत्रासाठी दोन व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाले. पहिला पुणे येथील नॉडिंग हेड्स या संस्थेने रचलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’, दुसरा कॅनडातील माँट्रियल शहरच्या थंडर लोटस या संस्थेचा ‘स्पिरिटफेअरर’. पहिल्यात असुरांनी पळविलेल्या भावाचा शोध घेणारी एकाकी मुलगी शस्त्र घेऊन लढते. दुसऱ्यात युद्ध नाही. स्टेला नावाची नाविका मृतात्म्यांना नौकेवर आश्रय देते, त्यांच्यासाठी शेती व स्वयंपाक करते आणि वेळ येताच त्यांना निरोप देते. तिच्यासमवेत डॅफोडिल नावाचे मांजर असते व दुसऱ्या खेळाडूस त्या मांजराची भूमिका घेता येते. साहस, सहकार्य, प्राणिसखा आणि घरगुती ऊब हे चार गुण या खेळात एकत्र आले आहेत. असा खेळ मराठी मुलखाच्या सामग्रीतून रचावयाचा झाल्यास त्यास ऐतिहासिक आधार कोणता, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या क्रीडाप्रकाराचा उगम मुख्यतः जपानात झाला. १९९६ मध्ये यासुहिरो वादा यांनी ‘हार्वेस्ट मून’ हा शेतीचा खेळ रचला. त्यांचे बालपण मियाझाकी प्रांताच्या ग्रामीण भागात गेले होते, आणि टोकियोतील नागरी जीवनात मागे पडलेले ते खेडे त्यांना खेळात आणावयाचे होते. २००१ मध्ये ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या खेळाचा पहिला अवतार निघाला. त्याचे रचनाकार कात्सुया एगुची हे चिबा सोडून नोकरीसाठी क्योतो येथे आले, तेव्हा कुटुंब व मित्र यांचा वियोग त्यांना जाणवला. त्या अनुभवातून खेळाची कल्पना निघाली. तात्पर्य, या खेळांतील ऊब ही गावापासून दुरावलेल्या माणसाची स्मृती आहे. ज्या प्रदेशातून पिढ्यानुपिढ्या माणसे पुण्यामुंबईकडे गेली, त्या मराठवाड्यास ही स्मृती अपरिचित नाही.

निलंगा हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेच्या वेळी तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. कन्नड मुलखाशी असलेल्या या जुन्या सान्निध्याची खूण येथील वेळ अमावस्येत, म्हणजेच बोलीतील येळवशीत, दिसते. मार्गशीर्षाच्या अमावस्येस कुटुंबे आप्तेष्टांसह शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा करतात आणि भज्जी, आंबील व उंडे यांचे सहभोजन होते. याच टापूत देवणी ही गोवंशाची जात विकास पावली. गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या संकरातून ती सिद्ध झाली असे मानले जाते. वान्नेरा, बालंक्या आणि शेवेरा हे तिचे तीन प्रकार मुख्यतः रंगावरून ओळखले जातात.

तथापि सण आणि बैल एवढ्याने सहकारी खेळ सिद्ध होत नाही. ती केवळ सजावट होय. खेळास नियम लागतो, आणि तो नियम येथील काळ्या जमिनीने घालून दिला होता. भारी काळ्या मातीत खोल नांगरट करण्यास लाकडी नांगरास सहा-आठ बैल जुंपावे लागत. इतके बैल सामान्य कुणब्याच्या दावणीस नसत. म्हणून दोन शेतकरी आपले बैल एकत्र करून आळीपाळीने एकमेकांची शेते करीत. यास सावड म्हणत. ज्याचे काम मागे पडले असेल तो शेजाऱ्यांना औतांसह बोलावी, मजुरीऐवजी जेवण घाली आणि त्यांच्या हाकेस पुढे स्वतः जाई. ही इर्जिक होय. म्हणजे सहकार्य ही येथे स्वभावाची हौस नव्हती, ती मातीची अट होती. ‘स्पिरिटफेअरर’मधील मांजराचा साथीदार नसला तरी खेळ पूर्ण होतो, इर्जिकीवाचून शेत पडीक राहण्याचे भय असे. शिवाय बैल हा केवळ सोबती नव्हता. दमलेल्या बैलास विसावा न देणारा माणूस सावडीस नकोसा होई, कारण आजचा त्याचा हलगर्जीपणा उद्या दुसऱ्याच्या नांगरटीस बाधक ठरे. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाच्या खांद्यास तूप-हळद चोळण्याचा खांदेमळणीचा विधी या दृष्टीने पाहिला म्हणजे त्यात कृतज्ञतेइतकेच व्यावहारिक शहाणपणही आढळते.

या चित्रास दुसरी बाजू आहे, आणि तिची उपेक्षा झाल्यास इतिहासाचे गोड असत्य होईल. इर्जिकीची परतफेड बैलवाल्या शेतकऱ्यांतच होत असे. भूमिहीन मजूर त्या वर्तुळाबाहेर राही. भोजनाच्या पंक्तीत जातीची मर्यादा असे, आणि जेवणाचा भार वाहणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाची परतफेड हिशेबात धरली जात नसे. पोळ्याच्या तोरणाखालून कोणाचा बैल प्रथम जावा हा मानाचा प्रश्न होता व त्यावरून तंटे होत. खेळाच्या रचनाकारास मात्र हे दोष अडचणीचे नाहीत. ज्याच्याजवळ बैल नाही अशा खेळाडूने सावडीत प्रवेश कसा मिळवावा, हीच उत्तम साहसकथेची पहिली पायरी होऊ शकते.

ट्रॅक्टर आल्यावर एका माणसाने एका दिवसात नांगरट करणे शक्य झाले आणि इर्जिकीची गरज संपली. देवणी जातीचे संवर्धन दूध, पैदास व प्रदर्शन यांसाठी चालू आहे. पण कितवा बैल कोठे जुंपावा, कोणाची परतफेड किती दिवसांची, आजारी बैलाच्या मालकाचा वाटा कोणता, हे ज्यांनी प्रत्यक्ष पाळले ती माणसे आता वृद्ध आहेत. ‘राजी’च्या निर्मात्यांना २०१७ मध्ये लोकवर्गणीच्या आवाहनात यश आले नव्हते, तरी तीन वर्षांनी त्यांचा खेळ जगापुढे आला. यावरून कौशल्य व चिकाटी यांचा महाराष्ट्रात अभाव नाही हे उघड आहे. पौराणिक कथा त्यांना ग्रंथांत व शिल्पांत मिळाली. सावडीचे नियम अशा कोणत्याही शिल्पात कोरलेले नाहीत. निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिराचे दगड आणखी काही शतके टिकतील, हे नियम टिकणार नाहीत. ते गावोगाव जाऊन, सांगणाऱ्याच्या शब्दांत व बहिष्कृतांच्या साक्षीसह टिपून ठेवणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. त्या टिपणांतून पुढे खेळ निर्माण होवो अथवा न होवो, मराठवाड्याच्या कृषिजीवनाच्या इतिहासास ती आवश्यकच आहेत.