धडावेगळे शिर: राहुरी ते 'पुराना मंदिर'

जुन्या हिंदी चित्रपटाचे एखादे पोस्टर नीट पाहिले, तर त्यात माणसे नसतात, डोकी असतात, हे ध्यानात येते. नायकाचे भव्य मस्तक, त्याच्या कानाशी नायिकेचे, कोपऱ्यात खलनायकाचे. मान जिथे संपते तिथे रंगाचा एक फटकारा येतो आणि खांदे, छाती, हात त्या फटकाऱ्यात विरून जातात. या रचनेची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तिच्यात काही अघोरी आहे, असे कधी मनातही येत नाही. भयपटाचे पोस्टर तीच रचना उचलते आणि तिच्यातला अघोरीपणा उघडा करते. वर आभाळभर एक विद्रूप मुख, खाली तळहाताएवढा वाडा, वाड्यापुढे बोटभर उंचीची घाबरलेली माणसे. त्या मुखाला धड नाही, हे इथे प्रथम जाणवते.

भयपटाच्या पोस्टरांचा विचार सहसा मुंबईपासून सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. आम्हांला तो नगर जिल्ह्यातून करावासा वाटतो. २०२४ मध्ये या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी बोलताना तोंडात अजून 'नगर'च येते. धडावेगळ्या शिराच्या दोन फार जुन्या प्रतिमा या जिल्ह्याच्या मातीत आहेत. त्यांतली एक पुराणातली आहे, दुसरी इतिहासातली.

पुराणातली नेवाशाची. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनीरूपाने अमृत वाटले ते नेवाशाला, अशी या भागातील श्रद्धा आहे, आणि मोहिनीराजाचे मंदिर तिची साक्ष म्हणून दाखवले जाते. पंक्तीत शिरलेल्या राहूचे शिर सुदर्शनाने उडाले, ते पडले तिथे राहुरी वसली. काया पडली ती गोदावरीपलीकडे, प्रवरासंगमासमोरच्या कायगावी. व्युत्पत्ती म्हणून ही किती टिकेल, हा प्रश्न वेगळा. भयाच्या दृष्टीने या कथेतला महत्त्वाचा भाग म्हणजे राहू मरत नाही. अमृत कंठापर्यंत पोचलेले असते. म्हणून शिर जिवंत राहते, पाहत राहते, गिळत राहते. पण गिळलेले साठवायला त्याच्यापाशी पोट नाही. कापलेले शिर बीभत्स असते. कापल्यावरही पाहणारे शिर भयानक असते. भरताने या दोन रसांना वेगळे रंग दिले आहेत, बीभत्साला नील आणि भयानकाला कृष्ण. पोस्टर रंगवणाऱ्यांनी नाट्यशास्त्र वाचले असण्याची शक्यता कमी, पण त्यांच्या रंगपेटीत हे दोन्ही रंग शेजारी शेजारीच होते.

याच नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे वाचकांना सांगायला नको. तिच्या अकराव्या अध्यायाची आपण शांत आणि अद्भुत यांच्या संगमासाठी वाखाणणी करतो. विश्वरूपाच्या दाढांत अडकलेली, चुरडलेली योद्ध्यांची मस्तके मात्र वर्गात आपण लगबगीने ओलांडतो. मराठीतील पहिल्या थोर भयदृश्यांपैकी ते एक आहे, असे आमचे मत आहे.

इतिहासातले शिर रामरायाचे. २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा हा वृद्ध सूत्रधार पकडला गेला आणि हुसेन निजामशाहाच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद झाला. शिर भाल्यावर चढवून त्याच्याच सैन्याला दाखवले गेले आणि सैन्य फुटले, असे फरिश्ता लिहितो. फरिश्त्याची उमेदीची वर्षे नगरच्याच दरबारात गेली होती. भाल्यावरचे हे शिर म्हणजे पुरावा होता. ज्यांनी ते पाहायचे, त्यांना त्या क्षणी पळ काढण्यापलीकडे काही करायचे नव्हते.

या प्रसंगाचे जवळजवळ समकालीन चित्र उपलब्ध आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेनशाहाच्या स्तुतीपर रचलेल्या 'तारीफ-इ-हुसेनशाही' या फार्सी काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. निजामशाही चित्रकलेचा हा सर्वांत जुना ज्ञात ठेवा. डझनभर चित्रांत लग्न आहे, दरबार आहे, स्त्रीच्या स्पर्शाने फुलणाऱ्या वृक्षाचा दोहद आहे आणि रामरायाचा वधही आहे. वधाचे चित्र पाहताना चकित करते ती त्यातील शांतता. अंधार नाही, छाया नाही. दोहदाच्या चित्रात जे सपाट, तेजस्वी रंग, तेच इथे. भय दाखवायला काळोख लागतो ही समजूत या चित्रकाराला ठाऊकच नव्हती. त्याला भीती घालायची नव्हती. धन्याचा विजय नोंदवायचा होता.

याच पोथीत आमच्या मते खरोखर भयावह असे दुसरे काहीतरी आहे, आणि ते कोणी भय म्हणून रंगवलेले नाही. अनेक चित्रांत हुसेनशाहाच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायून बसलेली होती. आज तिथे पुसल्याचे, वरून रंग फिरवल्याचे डाग आहेत. १५६५ मध्येच हुसेन वारला, अल्पवयीन मुर्तजाच्या नावाने राणीने कारभार हाकला, आणि १५६९ मध्ये मुलाकडूनच ती कैदेत पडली. तिची आकृती त्यानंतर पुसली गेली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. शत्रूचे शिर उडाले ते चित्रात येण्यासाठी. राणीचे शिर उडाले ते चित्रातून जाण्यासाठी. राजा अजून बाजूला कलून बसलेला, आणि तो ज्याच्याकडे कलला आहे तिथे कोणी नाही! पुढच्या काळातला कुठलाही भयचित्रकार या रिकाम्या जागेचा हेवा करील.

रामरायाच्या शिराची गोष्ट मात्र संपत नाही. फरिश्त्याचा इंग्रजी अनुवाद १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अनुवादक जॉन ब्रिग्जने तळटीप जोडली. विजापूरच्या बालेकिल्ल्यात रामरायाचे दगडी मुख सांडपाण्याच्या मोरीला बसवलेले आहे, आणि खरे शिर मारेकऱ्याच्या वंशजांनी अहमदनगरात जपून ठेवले असून लढाईच्या दिवशी दरवर्षी त्याला तेल आणि तांबडा रंग फासून ते लोकांना दाखवले जाते, गेली अडीचशे वर्षे. असा त्या टिपेचा आशय. टीप तिथे थांबत नाही. या प्रथेवरून एका संपूर्ण समाजाच्या द्वेषबुद्धीविषयी निष्कर्षही काढून मोकळी होते.

आमच्या दृष्टीने ही तळटीप हेच एक पोस्टर आहे. वर मोठे तेलकट तांबडे मुख आणि खाली अक्षरे: हे असे लोक आहेत. ज्या राजकारणातून ती लढाई झाली, ते तिच्यात कुठेच नाही. त्याआधीच्या वर्षांत रामराया कधी एका सुलतानाच्या, कधी दुसऱ्याच्या बाजूने लढत होता, विजापूरकरांना सोबत घेऊन त्याने नगरचा मुलूख तुडवला होता आणि हुसेनशाहाला अपमानास्पद तह पत्करायला लावला होता. भाल्यावरचे शिर त्या अपमानाचे उत्तर होते. धडापासून शिर वेगळे केले की शिर दिसते, धड दिसत नाही. प्रसंगापासून प्रतिमा वेगळी केली की तिचेही तसेच होते. तेल आणि रंग मग कोणीही लावू शकतो. आजही लावले जातात, आणि त्यासाठी भयपट काढावा लागत नाही. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांवर काम करणाऱ्या मित्रांनी या तळटिपेकडे एकदा पोस्टर म्हणून पाहावे, अशी विनंती आहे. (नगरला बागरौजाच्या आवारात एका हत्तीची कबर दाखवतात. रामरायाला पकडणारा गुलामअली तो हाच, असे सांगतात. हत्तीच्या वाट्याला निदान अखंड देहाची कबर आली.)

हे सारे राजाश्रयाचे किंवा राजसूडाचे. ज्या दिवशी भयदृश्य तिकीट लावून बाजारात आले, त्या दिवसासाठी नगरहून कोल्हापूरला जावे लागते. बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४), मुळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे. आतेभाऊ आनंदरावांबरोबर पडदे रंगवता रंगवता दोघांनी कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, बाबूरावांनी तो तडीस नेला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीमाने केलेला कीचकवध पडद्यावर इतका खरा उतरला की प्रेक्षागृहात घबराट उडाली, आणि नव्याने आलेल्या सेन्सॉरने त्या दृश्यावर कात्री चालवली. टिळकांनी याच चित्रपटासाठी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबावे. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. म्हणजे नाटकातील कीचक रूपक असल्यामुळे गेला, आणि दहा वर्षांनी चित्रपटातला कीचकवध रूपक नसल्यासारखा, अगदी खराच वाटल्यामुळे कापला गेला. सरकारच्या मनात जुना कीचक नव्हताच, असे आम्ही म्हणणार नाही. पण भीतीचे कारण बदलले होते, हे निश्चित. रंगभूमीवर मरण प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून सूचित करावे, हा भरताचा दंडक. (भासाने तो मानला नाही, पण भास त्या वेळी नुकताच कुठे पुन्हा सापडला होता.) कॅमेऱ्याने हा दंडक पडदा उघडताच मोडला.

आणखी एक बारकावा. महाभारतात भीम कीचकाचे शिर उडवत नाही. हात, पाय, मस्तक तो धडातच कोंबतो आणि मांसाचा गोळा करून टाकतो. पाहायला आलेल्या लोकांना मान कुठे, पाय कुठे, हेच उमगत नाही. म्हणजे हे राहूच्या बरोबर उलट झाले, सगळे धड आणि शिर नाहीच. असा गोळा पोस्टरवर येऊ शकत नाही, कारण पोस्टरला चेहरा लागतो. आपल्या चित्रपटांची जाहिरातचित्रे बाबूराव स्वतः रंगवीत. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर हे आज उरलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते. भारतीय पोस्टर पडदे रंगवणाऱ्या हातातून जन्माला आले, ही गोष्ट आम्हांला कळीची वाटते. नाटकाचा पडदा स्थळ दाखवतो. पोस्टर मुख दाखवते. स्थळ मागे सरकून मुख पुढे येण्याचा हा प्रवास पुढच्या पन्नास वर्षांत पुरा झाला.

सत्तरीच्या दशकात दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगसुरीने चेहरे घडवले. 'दीवार' (१९७५) सारख्या चित्रपटांच्या काळातले ते चेहरे पाहा: गालावर निळा, कपाळावर हिरवा, जबड्याला रक्ताचा लाल. एके काळी राक्षसाच्या चेहऱ्यावर शोभले असते असे रंग संतप्त नायकाच्या चेहऱ्यावर आले. राम्से बंधूंच्या भयपटांना 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून जी दृश्यभाषा मिळाली, ती या अर्थाने परकी नव्हतीच. नायकाच्या जागी सैतान बसवला, एवढेच.

त्यांचा 'पुराना मंदिर' (१९८४) तर आपल्या विषयासाठीच रचला असावा असे वाटते. सामरी नावाच्या नराधमाचे शिर राजा उडवतो. धड जुन्या मंदिरामागे पुरले जाते, शिर पेटीत बंद करून हवेलीत ठेवले जाते. दोन्ही एकत्र आली की तो उठणार. राहुरी आणि कायगाव! चित्रकर्त्यांना नेवाशाची दंतकथा माहीत होती, असे आम्ही सुचवत नाही. पण नगर जिल्ह्यात वाढलेल्या प्रेक्षकाला ही कल्पना समजावून सांगावी लागली नसणार. आणि हवेलीत पिढ्यानपिढ्या जपलेले शत्रूचे शिर हे ब्रिग्जच्या टिपेतलेच चित्र आहे, फक्त इथे शिराला दरवर्षी तेल न लावता कुलूप लावले आहे.

ही पोस्टरे शहरापुरती राहिली नाहीत. जत्राजत्रांतून फिरणाऱ्या तंबू टॉकीजबरोबर ती गावोगाव गेली. जत्रेत सोंगे, मुखवटे आणि बळी यांच्या शेजारीच भयपटाचे मुख टांगलेले असे, आणि त्याला बिचकण्याचे कोणाला कारण वाटत नसे. शहरी समीक्षेने ज्याला हिणकस म्हटले, ते इथे ओळखीच्या मंडळींत येऊन बसले होते. तंबूंचा अस्त 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या अनुबोधपटात उत्तम टिपला आहे. पोस्टरांचा अस्त मात्र कोणी टिपला नाही. खळीने चिकटवलेल्या कागदावर पुढच्या शुक्रवारी दुसरा कागद चढे, आणि पावसाळ्यात तो सगळा थर भिंतीवरून एकदम गळून पडे.

आपल्या क्षेत्रातही वेगळे काही घडलेले नाही. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांची मुखपृष्ठे ही मराठी घरात शिरलेली भयचित्रेच होती. अनेकांनी ती पुस्तके रात्री पालथी घालून ठेवली असतील. या लेखनाला अभ्यासक्रमाने फारसे दारात उभे केले नाही, हे जुने गाऱ्हाणे झाले. मुखपृष्ठांचे नुकसान त्याहून साधे आणि कायमचे आहे. ग्रंथालयात पुस्तक खिळखिळे झाले की ते बांधणीला जाते. बांधणारा पहिले काम करतो ते मुखपृष्ठ फाडून टाकण्याचे, आणि वर काळे रेक्झिन चढवतो. आमच्या ओळखीच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत धारपांची एखादी जुनी आवृत्ती पूर्ण पानांनिशी मिळते, पण मुखपृष्ठासह मिळाली तर नवल. बांधणीनंतर ती आणि मोरो केशव दामल्यांचे व्याकरण फळीवर शेजारी उभी केली, तर भयकथा कोणती हे पाठीवरचा क्रमांक वाचूनच ठरवावे लागते.